घरगुती कारणास्तव

कामाठीबाई शाळेतल्या सगळ्यांच्या आधी जेवायच्या. पोटभर नव्हे. भाताचे दोन घास, त्यावर वरण, असेल ती भाजी, सगळं एका छोट्या वाटीत घ्यायच्या आणि चुलीजवळ उभ्यानंच खायच्या. मग पदराला हात पुसून पाटावर बसून राहायच्या. दहा मिनिटं, कधी पंधरा. बाहेर पोरं ताटं वाजवून जीव खायची, मुख्याध्यापक घड्याळ दाखवायचे, पण बाई हलायच्या नाहीत. "आधी माह्या पोटात, मंग लेकरायच्या," एवढंच म्हणायच्या. पोटानं काही तक्रार केली नाही की उठायच्या आणि घंटा द्यायच्या.

अहेरीहून बसनं आत गेलं की दीडेक तासावर आमची आश्रमशाळा होती. चारी बाजूंनी साग आणि बांबू, मध्ये पत्र्याची वर्गखोल्यांची रांग, आणि रांगेच्या शेवटी धुरानं काळं झालेलं स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात आणि साफसफाईत राबणाऱ्या माणसाच्या पदाला सरकारी भाषेत कामाठी म्हणतात. बाईंचं पद कामाठीचं आणि काम मात्र पहाटे चूल पेटवण्यापासून सगळंच. त्यांचं नाव सोमीबाई, जवळच्याच एका जंगलातल्या गावच्या, गोंड. नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नव्हतं. त्यांचं नाव कितीतरी शिक्षकांना ठाऊक नव्हतं. मलाही दोन वर्षांनी कळलं.

मी नागभीडचा. धानाच्या मुलखातला माणूस, म्हणून तांदळाबद्दल आपल्याला कोणी शिकवू नये अशी माझी समजूत. पहिल्याच आठवड्यात मी कोठीतला तांदूळ मुठीत घेऊन "चांगला आहे" असा निकाल दिला. बाईंनी माझ्याच मुठीतले चार दाणे उचलले, नाकाशी नेले आणि परत पोत्यात टाकले. "मास्तर, तुमच्या नागभीडच्या धानाले वास असन, पन तुमाले नाक नाई," असं म्हणून त्या पोतं उन्हात ओढायला लागल्या. पोतं खरोखर ओलसर होतं. त्या दिवसापासून त्यांनी मला मास्तर म्हणून कमी आणि नागभीडचा म्हणून जास्त छळलं, आणि मला ते आवडायचं, कारण माझं घर तिकडे होतं, बायको आणि म्हातारे आईवडील तिकडे होते, आणि गावाचं नाव दिवसातून एकदा तरी कानावर पडायचं.

बाई बारा वर्षं रोजंदारीवर होत्या. बारा वर्षं दर उन्हाळ्यात घरी जा, दर जूनमध्ये या. मग एके दिवशी कायम झाल्याचा आदेश आला. शाळेत पेढे वाटले गेले. चौथीच्या पोरींनी कोळशानं भिंतीवर लिहून त्यांना सही शिकवली, कारण कायम माणसानं अंगठा लावणं त्या पोरींना पटेना. आयुष्यभराची भाकरी, म्हातारपणाची सोय, गावात मान, सगळं त्या एका कागदात होतं. आणि त्या कागदाला चार महिने होत नाहीत तोच बाईंनी नोकरी सोडली. पंचक्रोशीत लोक म्हणाले, बाईला वेड लागलं. खरं कारण दोनच माणसांना माहीत आहे असं मला वाटायचं. एक त्या, आणि दुसरा मी.

निवासी शाळेत चव रजिस्टर म्हणून एक वही असते. मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं अन्न चाखायचं आणि "चव उत्तम" असं लिहून सही करायची. आमच्याकडे वसतिगृहाच्या अधीक्षकाची जागा रिकामी होती, म्हणून तो प्रभार माझ्या गळ्यात पडला होता आणि त्याबरोबर ही वहीसुद्धा. मी सोमवारी सकाळी बसायचो आणि रविवारपर्यंतच्या सह्या एका दमात ठोकून मोकळा व्हायचो. यात मला काही गैर वाटत नव्हतं. अन्न बाई चाखतच होत्या, मग मी कशाला? बाई कायम झाल्यावर माझ्या सहीखाली त्यांचीही सही लागायला लागली. बारा वर्षं त्या चाखत होत्या तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. "आता माहीबी सही पायजे का?" असं त्यांनी हसून विचारलं होतं आणि भिंतीवर शिकलेलं नाव जपून, जीभ दातात धरून काढलं होतं.

त्या वर्षी पावसानं आठ दिवस रस्ता तोडला. सामानाची गाडी पलीकडेच अडकली. कोठीच्या छताला गळती लागली आणि तुरीच्या डाळीची पोती खालून भिजली. पाणी ओसरलं त्याच सोमवारी वरच्या कार्यालयातल्या साहेबांची भेट ठरली. सकाळी बाई माझ्याकडे आणि मुख्याध्यापकांकडे आल्या. हातात डाळीचा गोळा झालेला, हिरवट-काळा.

"दाळीले बुरशी धरली. आज मी वास्त्याची भाजी करते. भात हाय, भाजी हाय, लेकरं पोटभर खातीन."

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात आमची पोरं ते आवडीनं खायची. पण मुख्याध्यापकांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. सोमवार, वरण-भात. "साहेब ताटात वरण बघतील, बाई. वास्ते नाही." मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांना वरून फोन आला की घाम फुटायचा, इतकंच. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वरची वरची डाळ घ्या. चार पाण्यानं धुवा, आणि फोडणी जरा चढी द्या."

त्यांनी तसंच केलं. वरण झाल्यावर नेहमीसारखी वाटी घेतली, दोन घास खाल्ले. "कडू लागून राह्यलं," त्या म्हणाल्या. मी दारातच उभा होतो, मला स्वच्छ ऐकू आलं. तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. मी गाडीकडे वळलो. त्या दिवशी बाई पाटावर बसल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी घंटा द्यायला लावली. साहेबांनी ताटांच्या रांगेकडे पाहून मान डोलावली. ते स्वतः जेवले नाहीत, त्यांचा डबा गाडीत होता.

तीन वाजेपर्यंत पंधरा-वीस मुलं ओकायला लागली. बाकीची संध्याकाळपर्यंत सावरली, पण तिसरीतली मैनी नावाची एक किडकिडीत मुलगी डोळे उघडेना. तिला ट्रॅक्टरमध्ये घालून ओसरलेल्या नाल्यातून अहेरीच्या रुग्णालयात नेलं. बाई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मैनी दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. त्या क्षणी मला जो आनंद झाला त्यातला निम्मा तिच्यासाठी होता आणि निम्मा माझ्यासाठी, हे आज लिहिताना लाज वाटते.

बुधवारी चौकशीला दोन अधिकारी आले. त्यांनी चव रजिस्टर उघडलं. सोमवारच्या रकान्यात "चव उत्तम", खाली माझी सही, त्याखाली बाईंची. वहीत येत्या रविवारपर्यंतच्या माझ्या सह्या तयार होत्या. एक पान उलटलं असतं तर त्यांना दिसल्या असत्या. त्यांनी उलटलं नाही. अहवालात लिहिलं गेलं की मुलांनी शाळेबाहेर जाऊन जंगलातली अनोळखी फळं खाल्ली असावीत, आणि त्यात मैनीचं नाव पहिलं होतं. शाळा सुटली, मुख्याध्यापक सुटले, मी सुटलो. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मला मैनीच्या आईवडिलांशी बोलायला अहेरीला पाठवलं.

ते दोघं दोन नाले ओलांडून, पायी आणि मग जीपनं, गुरुवारी पोचले होते. मी खाटेशी उभा राहिलो आणि अहवालात होतं ते सांगितलं. पोरगी जंगलात गेली, नको ते फळ खाल्लं. बापानं ते आईला त्यांच्या बोलीत सांगितलं. मैनी खाटेवरून मराठीत म्हणाली, "मी नाई खाल्लं, मास्तर." आईनं तिच्या थोबाडीत मारली. हाताला सलाईन लावलेली ती आठ वर्षांची मुलगी रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. बाई पेजेचा ग्लास घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि जाऊन माय-लेकीच्या मध्ये बसल्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना तर गोंडी येत होती, दोन शब्दांत त्या सगळं सांगू शकल्या असत्या.

मैनीला घेऊन आईबाप गावी गेले. ती पुन्हा शाळेत आली नाही. बाई परतल्या त्या थेट माझ्या वर्गाशी आल्या. पोरं खेळायला गेली होती.

"मास्तर, लिवा ना. दाळ खराब होती म्हनून लिवा. खाली मीबी सही करीन."

"बाई, तुमचं आता कुठं झालंय. नोकरी जाईल तुमची."

"अन तुमची?"

मी म्हणालो, माझीही. खरं तर माझी नोकरी गेली नसती, फार तर चार शेरे बसले असते. पण माझा बदलीचा अर्ज वर गेला होता. नागभीडकडची एक जागा रिकामी होणार होती, आणि अशा वेळी फायलीत डाग नको, एवढा हिशोब माझ्या डोक्यात होता. बाईंनी मान हलवली आणि दूध उतू जाईल म्हणून गेल्या.

तीन दिवसांनी त्या कोरा कागद घेऊन आल्या. राजीनामा लिहून हवा होता. मी पुष्कळ समजावलं. बारा वर्षं, म्हातारपण, सगळं बोलून झालं. त्या ऐकत होत्या आणि कागद माझ्याकडे सरकवत होत्या. शेवटी मी लिहायला घेतलं आणि "कारण काय लिहू?" असं विचारलं.

"कारन लिवाच लागते का?"

"लागतं."

"मंग घरगुती लिवा. सगडे तेच लिवते ना." मग म्हणाल्या, "त्या दिवशी दवाखान्यात मीबी गप रायली, मास्तर. थे बाई पोरीले मारून राह्यली होती अन माह्या तोंडातून शबूद निघाला नाई. बारा वर्साचा कागद आडवा आला. रोजीवर असती तं बोलली असती मी."

मी खाली मान घालून "घरगुती कारणास्तव" असं लिहिलं. त्यांनी सही केली. माझ्या अक्षरातला तो सगळ्यात सुबक अर्ज असेल.

लोकांना मात्र उत्तर हवं होतं आणि बाईंनी प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या मापाचं दिलं. मुख्याध्यापकांना म्हणाल्या, गुडघे दुखते. जावेला म्हणाल्या, हुकूम ऐकाचा कटाळा आला. दुकानदाराला म्हणाल्या, सायबी मानवली नाई मले. नोकरी सोडणाऱ्याचं खरं कारण लोकांना नकोच असतं. त्यांना आपलं डोकं ठिकाणावर आहे आणि त्याचं नाही, एवढी खात्री हवी असते. ती बाईंनी सगळ्यांना खुशाल करून दिली.

रुग्णालयात असताना त्यांनी पाहिलं होतं की आतल्या गावांतून आलेले रोग्यांचे नातेवाईक मागच्या भिंतीशी तीन दगड मांडून, डोक्यावर पोतं घेऊन भात शिजवतात. बाईंनी रुग्णालयासमोर चार बांबूंवर पत्रा टाकला आणि खानावळ सुरू केली. पहिले सहा महिने वाईट गेले. गावातली काही माणसं गोंड बाईच्या हातचं खायला कचरत होती, ती समोरून नाक वर करून जायची. पण भाताला वास सुटला की नाकाचं काही चालत नाही. पुढे त्यातलीच दोन-चार माणसं बाकड्यावर जागेसाठी भांडायची. खाटेवरच्या रोग्यासाठी पेज त्या कोणालाही द्यायच्या, ग्लास तेवढा परत आणायचा.

खानावळीत कोणत्या वारी काय याची पाटी नव्हती. बाजाराच्या दिवशी त्या स्वतः धान्य बघायच्या, नाकाशी न्यायच्या, नाही आवडलं तर पुढच्या पालाकडे. मग त्या दिवशी वरण नसायचं. गिऱ्हाईक ओरडलं की म्हणायच्या, "आज दाळ नाई. भाजी खा, नाई तं पुढी जा." हे म्हणताना त्यांच्या तोंडावर असं समाधान असायचं की मला हसू यायचं. एकदा एका कार्यालयाच्या प्रशिक्षण शिबिराचं जेवण त्यांच्याकडे चालून आलं. आठ दिवस, दोन वेळा, शंभर ताटं. वर्षाची ददात मिटली असती, पत्र्याच्या जागी पक्कं छत झालं असतं. निरोप घेऊन आलेल्या कारकुनाला बाईंनी एकच विचारलं, "सामान कोन आनन?"

"आम्ही पुरवू, तुम्ही फक्त शिजवायचं."

"मंग नाई," बाई म्हणाल्या आणि भाताचं झाकण काढून बघायला लागल्या. तो कारकून पुन्हा दोनदा आला. पत्रा शेवटपर्यंत पत्राच राहिला.

माझी नागभीडची बदली कधीच झाली नाही. फायलीत एकही डाग नसताना तीन वर्षांनी मला अहेरीत आणून टाकलं. एकटा माणूस, मग जेवायला कुठे जाणार? नऊ वर्षं मी बाईंच्या बाकड्यावर जेवलो. त्या मला वाढायच्या, नागभीडवरून चिडवायच्या, सुट्टीला जाताना आईसाठी मोहाचे लाडू बांधून द्यायच्या. मैनीचं नाव आमच्यात एकदाही निघालं नाही. मी ते काढत नव्हतो, आणि त्या काढत नाहीत याचा मला मनातून आधार वाटायचा. मी समजत होतो की बाईंनी मला माफ केलं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर त्यांच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला नेऊन आणलं, पण उशीर झाला होता. पुतण्यानं त्यांना गावी नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्या अंगणात खाटेवर, उन्हात होत्या. ओळखू येऊ नये इतक्या लहान झाल्या होत्या. माझ्यासाठी भात टाकायला सांगितला आणि मग माझ्याकडे वळल्या.

"मी नवकरी काऊन सोडली थे तुमाले मालूम हाय ना?"

"आहे, बाई."

"कोनाले सांगतलं?"

मी नाही म्हणालो.

"लोक म्हनते बाईले येड लागलं होतं. म्हनू द्या, माहं काय जाते. पन त्या पोरीचं नाव कागदावर तसंच हाय, मास्तर."

यावर मी काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक होतं आणि तरीही मी त्यांना दगदग करू नका असं काहीतरी म्हणालो. पंधरा दिवसांनी त्या गेल्या. गावाबाहेर त्यांच्या लोकांच्या जागेत त्यांना माती दिली. रुग्णालयाच्या झाडूवालीपासून ते समोरून नाक वर करून जाणाऱ्यांपर्यंत पुष्कळ माणसं आली होती. मी माती टाकताना ढसाढसा रडलो, आणि लोकांना वाटलं मास्तर किती मायाळू.

त्यानंतर मी कार्यालयाला पत्र लिहिलं. डाळ खराब होती, मला माहीत होतं, सही न चाखता केली होती, मुलांनी जंगलातलं काही खाल्लं नव्हतं. त्याची पोच मिळाली, दुसरं काही आलं नाही. मग एका रविवारी मैनीच्या गावाला गेलो. रस्ता संपतो तिथे मोटारसायकल लावली आणि पुढे पायी. मैनीचं लग्न होऊन ती नदीपलीकडे गेली होती, बापही राहिला नव्हता. आई अंगणात चिंचा फोडत बसली होती. केस पांढरे झालेले, पण मी ओळखलं.

मी नाव सांगितलं. वाटेत जुळवलेली वाक्यं होती ती सगळी उभ्यानंच बोलून टाकली. मैनीनं काही खाल्लं नव्हतं. मी खोटं बोललो होतो. तुम्ही तिला मारलं ते माझ्यामुळे.

तिनं हातातली चिंच फोडून पुरी केली, बिया बाजूला केल्या. मग इतक्या वर्षांत बाजारात शिकलेल्या मराठीत म्हणाली, "मालूम हाय."

"कसं काय?" मी विचारलं.

"सोमीबाई आली होती ना. तवाच. नवकरी सोडली अन दुसऱ्या दिवशी पायी आली. पोरीले मांडीवर घेतलं अन समदं सांगतलं. म्हने, वाढनारी मी होती." तिनं माझ्याकडे खाट सरकवली. "माहा मानूस लय चिडला. शाळेवर जातो म्हने. बाईनं थांबवला. म्हने, थो मास्तर वाईट नाई. थो सोता येईन सांगाले. तवपर्यंत त्याचं नाव कोनापाशी काढू नका."

नऊ वर्षं मी बाईंच्या हातचं जेवत होतो आणि त्या कशाची वाट पाहत होत्या हे मला एका दिवशीही कळलं नव्हतं. मी खाटेवर बसलो.

"लय दिवस लावले, मास्तर," मैनीची आई म्हणाली, आणि आत सुनेला चहा ठेवायला सांगितला.